वजनकाट्याचं कोडं



मागे एकदा या पानावर आपण सकाळी धावण्याबद्दल आणि दोरीवरच्या उड्यांबद्दल गप्पा मारल्या होत्या. त्यानंतर तुमची खूप पत्रं आली. कुणाची दोरी पहिल्याच दिवशी तुटली, तर कुणाच्या उड्यांनी खालच्या मजल्यावरचे आजोबा दुपारच्या झोपेतून उठून वर आले! पण त्या गठ्ठ्यातलं एक पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ठरवलं, की आजचं पान त्या पत्रासाठीच.

पत्र नववीतल्या एका मुलीचं आहे. ‘नाव-गाव छापू नका,’ असं तिनं लिहिलंय, म्हणून छापत नाही. ती लिहिते :

‘मावशी, एका लग्नात एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, काय गं, किती सुटलीस! सगळे हसले. मीही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून मी रोज पहाटे उठून मैदानावर धावायला लागले. संध्याकाळी दोरीवरच्या दोनशे उड्या. सुरुवात केली तेव्हा माझं वजन ४८ किलो २०० ग्रॅम होतं. दहा दिवसांनी काट्यावर उभी राहिले, तर ४९ किलो १०० ग्रॅम! एवढं सगळं करून उलट नऊशे ग्रॅम वाढलं. मला रडूच आलं. आता चार दिवस झाले, मी रात्री जेवत नाही. आईला सांगते, मैत्रिणीकडे खाल्लं. माझ्या शरीरात काही बिघाड आहे का?’

बाळा, आधी उत्तर सांगते, मग कारणं. तुझ्या शरीरात बिघाड नाही. उलट ते नव्या कामाला शहाण्यासारखं लागलंय. आणि दुसरं म्हणजे, हे पान वाचून झालं की आज रात्री घरी पोटभर जेवायचं. का, ते आता बघू या.

पहिल्यांदा एक छोटंसं गणित करू. नऊशे ग्रॅम वजन वाढलं. ही सगळी चरबी असेल का? एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी एवढी ऊर्जा साठलेली असते. म्हणजे नऊशे ग्रॅम चरबीत जवळजवळ सात हजार. तुमच्या वयाच्या मुला-मुलींना दिवसभरात साधारण दोन हजार ते अडीच हजार किलोकॅलरी लागतात. मग नऊशे ग्रॅम चरबी चढायला काय करावं लागेल? रोजचं जेवण तर जेवायचंच, शिवाय त्याच्यावर आणखी तीन दिवसांचं सगळं जेवण संपवायचं! तेही रोज धावत असताना. आमच्या या मैत्रिणीनं असं काही केलेलं नाही. मग वाढलं ते काय?

आता हा प्रयोग करून बघा. घरात वजनकाटा असेल तर त्याच्यावर उभे राहा आणि आकडा लिहून ठेवा. मग खाली उतरून अर्धा लिटरच्या बाटलीतलं पाणी हळूहळू पिऊन टाका. पुन्हा काट्यावर उभे राहा. काय झालं? वजन अर्धा किलोनं वाढलं! पाच मिनिटांत तुम्ही जाड झालात का? छे! पाणी बाटलीत होतं, ते पोटात आलं. थोड्या वेळानं बाथरूमला जाऊन आलात की ते परत निघून जाईल.

म्हणजे गंमत लक्षात आली का? काटा चरबी मोजत नाही, काटा ‘सगळं’ मोजतो. हाडं, स्नायू, रक्त, सकाळची पोळी-भाजी, पोटात अडकलेला कालचा मळ, अंगातलं पाणी, एवढंच काय, खिशातली किल्लीसुद्धा! आणि या सगळ्याची बेरीज करून एकच आकडा तुमच्यापुढे फेकतो. त्यातलं काय वाढलं आणि काय घटलं, हे तो कधीच सांगत नाही.

आता येऊ या धावण्याकडे. नवा व्यायाम सुरू केला की पहिल्या काही दिवसांत अंगात तीन गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट : दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांड्या दुखतात, आठवतंय? जिना उतरताना ‘आई गं’ होतं. सवय नसलेल्या स्नायूंवर ताण पडला की त्यांच्या धाग्यांना अगदी बारीक बारीक इजा होते. घाबरायचं कारण नाही, ती भरून येताना स्नायू आधीपेक्षा बळकट होतो. पण ही डागडुजी चालू असताना तिथे थोडी सूज येते, म्हणजेच तिथे जास्तीचं पाणी जमतं. पाणी आलं की वजन आलं!

दुसरी गोष्ट : स्नायूंना पळायला इंधन लागतं. भात, पोळी, भाकरी यांतली साखर शरीर ‘ग्लायकोजेन’ या रूपात स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवून ठेवतं. रोज धावायला लागलात की स्नायू म्हणतात, ‘अरे, इथे तर रोजच काम आहे. चला, कोठार मोठं करू.’ आणि ते जास्त ग्लायकोजेन साठवू लागतात. मात्र हे ग्लायकोजेन एकटं राहत नाही. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. म्हणजे शंभर ग्रॅम इंधन भरलं की काट्यावर चारशे ग्रॅम दिसतात.

तिसरी गोष्ट : धावताना हृदयाला भराभर रक्त पुरवावं लागतं. म्हणून नियमित व्यायाम सुरू झाल्यावर काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, ज्याला रक्तद्रव म्हणतात, तो वाढतो. रक्त वाढलं, की त्याचंही वजन आलंच.

रात्री आई मटकी भिजत घालते, ती सकाळी बघा. टपोरी फुगलेली असते. भिजण्याआधी आणि नंतर वजन करा, नंतरचं कितीतरी जास्त भरेल. आपण म्हणतो का, की मटकी ‘सुटली’? आपण म्हणतो, आता हिला छान मोड येणार! तुमच्या पोटऱ्यांचंही तसंच आहे.

याशिवाय रोजच्या साध्या कारणांनीही काटा वर-खाली होतो. आदल्या दिवशी फरसाण, लोणचं, पापड असं खारट खूप खाल्लं, तर मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. पोट साफ झालं नसेल तर तेवढं वजन जास्त भरतं. मुलींना पाळी येण्याच्या आधीचे काही दिवस अंगात पाणी साठून जड वाटतं, वजनही थोडं वाढतं आणि मग आपोआप उतरतं. (मुलांनो, यात हसण्यासारखं काही नाही. तुमच्या आईचं, बहिणीचं शरीर असंच चालतं, हे तुम्हालाही ठाऊक हवं.) मोठ्या माणसाचं वजन तर एकाच दिवसात एखाद-दोन किलोनं सहज वर-खाली होतं. सकाळी उपाशीपोटी एक आकडा, रात्री जेवल्यावर दुसरा!

तुम्ही म्हणाल, ‘मावशी, हे सगळं कुणी मोजून बघितलंय का?’ बघितलंय तर! आणि तेही चारशे वर्षांपूर्वी. इटलीत सांतोरिओ नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. जन्म १५६१ सालचा. पादुआ इथल्या विद्यापीठात ते शिकवत. त्यांनी काय केलं असेल? एका भल्यामोठ्या तराजूला चक्क खुर्ची टांगली! त्या खुर्चीत बसून ते जेवायचे आणि जेवताना स्वतःचं वजन करायचे. किती खाल्लं, किती प्यायलं, शरीरातून मल-मूत्र किती बाहेर पडलं, सगळ्याचं वजन करून लिहून ठेवायचे. एक-दोन दिवस नाही, सुमारे तीस वर्षं! १६१४ साली त्यांनी या सगळ्यावर पुस्तक लिहिलं.

त्यांना काय सापडलं? आत गेलेलं अन्न-पाणी आणि बाहेर पडलेलं मल-मूत्र यांचा हिशेब जुळेचना! आठ भाग आत गेले, तर त्यातले पाच भाग डोळ्यांना न दिसताच कुठेतरी गायब होत होते. सांतोरिओ म्हणाले, हे त्वचेतून आणि श्वासातून नकळत बाहेर पडतं. आज आपल्याला माहीत आहे, की त्यांची दिशा बरोबर होती. आपण झोपेत असतानाही श्वासातून आणि त्वचेतून पाणी जात असतं. म्हणूनच सकाळी उठल्यावर वजन रात्रीपेक्षा थोडं कमी भरतं.

आणि चरबी? ती कुठे जाते, सांगा पाहू! बहुतेक जण म्हणतात, घामातून. घाम म्हणजे वितळलेली चरबी, असं मोठी माणसंही समजतात. काही जण तर उन्हात प्लॅस्टिकचं जाकीट घालून धावतात. तसं चुकूनही करू नका, उष्माघात होईल. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. धावून आल्यावर काटा खाली गेला तर ते पाणी गेलेलं असतं आणि दोन पेले पाणी प्यायलात की परत येतं. ते यायलाच हवं. चरबी जळते तेव्हा तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. दहा किलो चरबी जळली, तर त्यातली ८ किलो ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि फक्त १ किलो ६०० ग्रॅमचं पाणी होतं. म्हणजे चरबी चक्क उच्छ्वासातून जाते, हळूहळू, महिनोन्‌महिने. दहा दिवसांत काट्याला ती कशी दिसणार? पाण्याच्या गोंधळात ती कुठल्या कुठे लपून जाते.

आता कुणी तुम्हाला असंही सांगेल, की ‘काळजी करू नकोस, तुझ्या चरबीचे स्नायू झाले, म्हणून वजन वाढलं.’ ऐकायला छान वाटतं, पण खरं नाही. चरबीचा स्नायू कधीच होत नाही, ती दोन्ही वेगळी आहेत. आणि दहा दिवसांत नऊशे ग्रॅम स्नायू कुणालाच येत नाहीत. सुरुवातीला वाढतं ते मुख्यतः पाणी. काही आठवड्यांत शरीराला सवय झाली, की ही चढ-उतार बरीचशी शांत होते.

पण दोस्तांनो, तुमच्या बाबतीत आणखी एक मोठी गोष्ट आहे. तुम्ही वाढताय! मुलींची उंची साधारण दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान आणि मुलांची बारा ते सोळाच्या दरम्यान झपाट्यानं वाढते. जोरात वाढीच्या त्या काळात वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटरही वाढते. गेल्या वर्षीची पँट यंदा घोट्याच्या वर येते ना? मग वजन तेवढंच कसं राहील? तुमच्या वयात वर्षभरानं वजन वाढलेलं असणं हेच बरोबर. बाबांच्या वयाला लावायचा नियम तुम्हाला लावून चालत नाही. म्हणून डॉक्टर तुमचं वजन एकटं बघत नाहीत. वय, उंची आणि वजन यांचा तक्ता मांडून, गेल्या काही वर्षांत वाढीची रेघ कशी गेली, ते बघतात.

आमच्या पत्रलेखक मैत्रिणीनं आपली उंची लिहिलेली नाही. त्यामुळे तिला वजन कमी करायची गरज आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. आणि लग्नातल्या त्या काकूंना तर अजिबातच नाही!

आता जेवणाचं. बाळा, तू रात्रीचं जेवण बंद केलंस तेव्हा काय झालं असेल? कोठारातलं ग्लायकोजेन संपत गेलं, त्याच्याबरोबरचं पाणीही गेलं, आणि काटा भराभर खाली आला असेल. तुला वाटलं असेल, ‘वा, हा उपाय लागू पडला!’ खरा धोका इथेच आहे. काट्यानं तुला शाबासकी दिली, पण ती पाण्याबद्दल. तिकडे पहाटे धावताना पायांत इंधन नाही, वर्गात चक्कर येतेय, चिडचिड होतेय. आणि हे असंच महिनोन्‌महिने चाललं तर नुकसान खोलवर जातं. पाळी अनियमित होते, कधी थांबतेसुद्धा. हाडांचा बहुतेक भरणा याच वयात होतो. आता उपाशी राहिलेली हाडं पुढे साठाव्या वर्षी त्याचा हिशेब मागतात.

व्यायाम केल्यावर भूक वाढते, ती खरी भूक असते. तिला खोटं ठरवू नका. भाकरी, उसळ, वरण-भात, भाजी, दूध किंवा ताक, केळं, शेंगदाण्याचा लाडू, खात असाल तर अंडं. हे सगळं तुमचं आहे. फक्त ‘आज मी पळालो’ म्हणून रोज बक्षीस म्हणून थंड पेयाची बाटली नको, एवढंच.

आणि आईशी खोटं बोलावं लागलं, यातच सगळं आलं. जो उपाय लपवावा लागतो, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. आजच आईला सांग. नुसतं हे पान तिच्यापुढे ठेवलंस तरी चालेल.

मग प्रश्न उरतो : व्यायामाचा उपयोग होतोय, हे कळायचं कसं? त्याचं उत्तर पुन्हा सांतोरिओंकडेच आहे. या गृहस्थांनी केवळ वजनच मोजलं नाही, नाडी मोजायचं साधनही बनवलं. घड्याळाला सेकंदकाटा असण्याचे ते दिवस नव्हते. त्यांनी दोरीला एक वजन लटकवलं आणि झोका दिला. दोरी आखूड केली की झोके भराभर पडतात, लांब केली की सावकाश. झोका आणि नाडी एका तालात येईपर्यंत दोरी कमी-जास्त करायची आणि मग दोरीची लांबी बघायची. झाली नाडीची मोजणी!

तुम्हीही करून बघा. जाड दोऱ्याला एक किल्ली किंवा नट बांधा. बोटाच्या चिमटीपासून किल्लीच्या मध्यापर्यंत दोरा २५ सेंटीमीटर ठेवला, तर झोका जाऊन परत यायला जवळजवळ एक सेकंद लागतो, म्हणजे मिनिटाला ६० झोके. दोरा १४ सेंटीमीटर ठेवला, तर मिनिटाला सुमारे ८०.

आता सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून घड्याळ लावून एक मिनिट नाडी मोजा आणि वहीत लिहा. आठवड्यातून दोनदा पुरे. शिवाय आठवड्यातून एकदा, दोरीवरच्या शंभर उड्या मारल्यावर लगेच नाडी मोजा आणि दोन मिनिटं बसून पुन्हा मोजा. सहा-आठ आठवडे नेमानं व्यायाम केलात, तर दोन गोष्टी दिसायला लागतील. उड्यांनंतर नाडी आधीपेक्षा लवकर खाली येईल आणि बऱ्याच जणांची सकाळची नाडीही थोडी मंदावेल. म्हणजे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकलं! आणखी खुणाही लिहा : तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर धाप लागते का? मैदानाच्या किती फेऱ्या न थांबता होतात? रात्री झोप कशी लागते? तुमचं खरं प्रगतिपुस्तक हे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं तुमच्या वयासाठी रोज सरासरी साठ मिनिटांची हालचाल सांगितली आहे. त्यात खो-खो, कबड्डी, सायकल, नाच, लंगडी, सगळं चालतं. एकदम जोरात सुरू करू नका, हळूहळू वाढवा आणि दुखत असेल त्या दिवशी विश्रांती घ्या. धावताना छातीत दुखलं, भोवळ आली, पावलांवर किंवा चेहऱ्यावर सूज आली, तीन महिने पाळी आली नाही, किंवा काही न करता वजन उतरतच राहिलं, तर मात्र थांबायचं नाही, घरी सांगून डॉक्टरांकडे जायचं.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. तुम्हाला रेल्वे स्टेशनवरची ती जुनी वजनाची यंत्रं आठवतात ना? नाणं टाकलं की दिवे लुकलुकायचे आणि तिकीट बाहेर यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य! आपण दोन्ही वाचून हसायचो आणि तिकीट हरवून टाकायचो. घरातल्या काट्याकडेही मुलांना तसंच बघू द्या. काटा रोज समोर नको, वर ठेवून द्या. मुलं उपाशी राहून आकडे मोजत नाहीत ना, यावर मात्र प्रेमानं नजर ठेवा. आणि पाहुण्यांपैकी कुणी ‘किती सुटलीस’ किंवा ‘किती रोडावलास’ म्हणालं, तर हसून सोडून देऊ नका. ‘ती रोज दोन किलोमीटर धावते,’ एवढं एक वाक्य मुलीसमोर म्हणा. ती ते जन्मभर लक्षात ठेवेल.

तर बाळा, तुझं धावणं थांबवू नकोस. पण काकूंसाठी धावू नकोस आणि काट्यासाठीही नको. पहाटेच्या गार हवेत पाय आपोआप पळायला लागतात, त्या मजेसाठी धाव. आणि धावून आल्यावर आईबरोबर बसून खा. दोन महिन्यांनी मला पुन्हा पत्र लिही. त्यात वजन नको, नाडीचे आकडे हवेत!

तुम्ही बाकीच्यांनीही दोऱ्या-किल्लीचा प्रयोग करा आणि तुमची नाडी किती सेंटीमीटर भरली, ते कळवा.

तुमची,
मावशी